फॉलोअर नाहीत, वेबसाइट नाही; पिंटरेस्ट-इन्स्टाग्रामवरून पैसे मिळतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोनवर बरे फोटो काढता येतात, कॅन्व्हा (चित्रं-पोस्टर मांडायचं अ‍ॅप) जमतं, फॉलोअर जवळजवळ शून्य, स्वतःची वेबसाइट नाही आणि खिशातले पैसे घालायचे नाहीत. ‘रोज दहा पिना टाका आणि डॉलर कमवा’ छापाचे व्हिडिओ पाहून झालेत. त्यात तथ्य किती, सुरुवात कुठून करायची आणि बिझनेस अकाउंट आत्ताच उघडायचं का?

तथ्य आहे, पण ते व्हिडिओवाले दाखवतात तिथे नाही. पिन, म्हणजे पिंटरेस्टवर टाकलेलं, लिंक जोडता येणारं चित्र, टाकली म्हणून पिंटरेस्ट पैसे देत नाही. फोटोला लाइक पडले म्हणून इन्स्टाग्रामही देत नाही. फोटो ही नुसती पाटी आहे, दुकान वेगळं. माणूस पाटी बघून पुढे जिथे जातो, तिथे पैसे होतात. नवशिके सगळा जीव पाटी रंगवण्यात घालतात आणि दुकानाचा विचार पुढे कधीतरी करू म्हणतात. मग सहा महिन्यांनी व्ह्यूज भरपूर आणि हातात काहीच नाही. म्हणून आधी ठरवा: फोटो आवडलेल्या माणसाला पाठवायचं कुठे?

मधल्या काळात या कंपन्यांनी क्रिएटरना थेट पैसे देण्याचे प्रयोग केले, हे खरं. पिंटरेस्टने २०२१ मध्ये क्रिएटर रिवॉर्ड्स आणलं आणि नोव्हेंबर २०२२ अखेर गुंडाळलं. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिने रील्सचा बोनस मार्च २०२३ मध्ये थांबवला. असं काही पुन्हा आलं तर खुशाल घ्या, पण त्यावर हिशेब मांडू नका. गंमत म्हणजे जुने व्हिडिओ अजून त्याच योजना ‘नवीन ट्रिक’ म्हणून दाखवतात. व्हिडिओची तारीख बघायची सवय लावा.

आता पिंटरेस्ट की इन्स्टाग्राम. दोन्ही २०१० सालचे, दोन्हीकडे फोटो, म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. वापरणाऱ्याच्या डोक्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. इन्स्टाग्रामवर माणूस माणसांना बघायला जातो, पिंटरेस्टवर स्वतःचं काहीतरी ठरवायला. खोली लावायची आहे, केस कापायचे आहेत, समारंभाची सजावट करायची आहे, असं काही मनात घेऊन तो शोधतो. पिंटरेस्ट स्वतःला सोशल नेटवर्क म्हणवून घ्यायचं टाळतं, ते यामुळेच. तिथे तुमचे फॉलोअर किती, याला फार महत्त्व नाही. शोधलेल्या शब्दांना तुमची पिन जुळते का, हा मुद्दा. शिवाय चांगली पिन महिनोन्महिने फिरत राहते. इन्स्टाग्रामची पोस्ट बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत थंडावते आणि कॅप्शनमधली लिंक दाबताही येत नाही. लिंक द्यायची तर बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवर.

तेव्हा शून्य फॉलोअरवाल्याने पिंटरेस्टपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्स्टाग्राम वाईट नाही. पण तिथे विकायची असते ती ओळख आणि विश्वास, आणि तो जमायला वेळ लागतो. चेहरा दाखवायला आणि रोज लोकांशी बोलायला आवडत असेल तर तिकडे जरूर जा. तुमच्या प्रश्नावरून तरी तसं वाटलं नाही.

दुकानाचे पर्याय बघू. सगळ्यांना आधी आठवतं ते अ‍ॅफिलिएट: दुसऱ्याच्या वस्तूची लिंक द्यायची, विक्री झाली की कमिशन. वेबसाइट नसली तरी पिनला थेट अशी लिंक जोडता येते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पिंटरेस्टने अ‍ॅफिलिएट लिंका काढून टाकल्या होत्या, मे २०१६ पासून परत चालू केल्या. अटी आहेत. लिंक शॉर्टनरमध्ये (लांब लिंक छोटी करणाऱ्या सेवेत) लपवायची नाही, खंडीभर अकाउंट काढून तीच लिंक ओतत बसायचं नाही आणि यातून कमिशन मिळतं हे पिनवरच स्पष्ट लिहायचं. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात आणखी दोन गोष्टी आहेत. लिंक दाबल्यापासून २४ तासांच्या आत ग्राहकाने वस्तू कार्टमध्ये टाकली किंवा घेतली, तरच ती विक्री साधारणपणे तुमच्या नावावर लागते. आणि पहिल्या १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून पहिल्याच दिवशी उत्साहात खातं काढू नका. आधी पिनांवर लोक येऊ द्या.

एक हिशेब मांडतो, आकडे निव्वळ समजण्यापुरते. समजा पिना १०,००० वेळा दिसल्या, १०० जणांनी लिंक दाबली आणि त्यांतल्या ३ जणांनी वस्तू घेतली. कमिशन ५ टक्के. तुमच्या हाती आलं एका वस्तूच्या किमतीच्या १५ टक्के. तेच १०० लोक तुम्ही स्वतः बनवलेल्या प्लॅनरच्या किंवा चेकलिस्टच्या पानावर गेले असते आणि ३ जणांनीच घेतलं असतं, तर जवळजवळ तीन पूर्ण किमती तुमच्या. अशी वस्तू अ‍ॅफिलिएटच्या वस्तूपेक्षा पुष्कळ स्वस्त असते, हे मान्य. पण किंमत ठरवणारे तुम्ही आणि नियम बदलून कमिशन खाली आणणारं वर कुणी नाही.

म्हणून मी नवशिक्याला डिजिटल वस्तूकडे ढकलतो. कॅन्व्हा येतंच आहे तुम्हाला. छापून वापरता येईल असं मासिक नियोजनाचं पान, पाहुण्यांची यादी, झाडांना पाणी घालायचा तक्ता, असं छोटं काहीतरी. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारात ते ठेवता येतं. तिथे प्रत्येक लिस्टिंगचं, म्हणजे विकायला मांडलेल्या वस्तूचं, छोटं शुल्क, विक्रीवर ६.५ टक्के ट्रान्झॅक्शन फी आणि पेमेंटचा खर्च वेगळा. तुमच्या देशातून विक्रेता म्हणून नोंदणी होते का, ते आधी तपासा. एक पथ्य: कॅन्व्हाचा तयार टेम्प्लेट जसाच्या तसा विकता येत नाही, मांडणी तुमची हवी.

फोटोच विकायचे असतील तर स्टॉक साइट, म्हणजे इतरांना वापरायला फोटो विकणारी साइट. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोवर ३३ टक्के देतं. शटरस्टॉकवर १५ ते ४० टक्क्यांचे टप्पे आहेत आणि दर जानेवारीत सगळे पुन्हा तळाला येतात. एकेका डाउनलोडमागे मिळणारी रक्कम अगदी किरकोळ असते. शे-दोनशे फोटोंवर पोट भरेल, या भ्रमात राहू नका. फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल तर साधारणपणे त्या व्यक्तीचं मॉडेल रिलीज (लेखी संमतीपत्र) लागतं, आणि कंपनीचा लोगो दिसला तर फोटो बहुतेक वेळा नाकारला जातो. सूर्यास्त आणि फुलं तर त्यांच्याकडे डोंगराएवढी पडलीत. ‘हातात फोन, समोर उघडी वही’ असले साधे, कामाचे फोटो जास्त खपतात. ब्रँडची कामं हा चौथा रस्ता. त्यावर आत्ता वेळ घालवू नका, प्रोफाइल भरली की ते विचारायला येतात.

पिन कशी बनवायची, ते एका उदाहरणावर सांगतो. विषय घ्या घरातली झाडं. नवशिका फोटो काढतो, नाव देतो ‘माझी हिरवी दुनिया’ आणि खाली दहा हॅशटॅग. असं नाव कुणी शोधत नाही. लोक शोधतात ‘कमी उजेडात जगणारी झाडं’, ‘बेडरूमसाठी झाडं’, ‘पाणी कमी लागणारी झाडं’. पिंटरेस्टच्या शोधपट्टीत ‘झाडं’ एवढंच टाइप करून थांबा, खाली जे सुचतं ते लोकांचेच शब्द. गिऱ्हाईक ज्या भाषेत शोधतं त्या भाषेत हे करा, तुमच्या आवडीच्या भाषेत नव्हे. आता फोटो: खिडकीपासून लांब, कोपऱ्यात ठेवलेला स्नेक प्लांट, उभा. चित्र २:३ प्रमाणात, म्हणजे १०००×१५०० पिक्सेल. वरच्या एक तृतीयांश भागात जाड अक्षरांत ‘अंधाऱ्या कोपऱ्यातही जगणारी ५ झाडं’. फोनवर ही पिन अंगठ्याएवढी दिसते, तेव्हा बारीक नक्षीदार अक्षरं वाया. शीर्षकात आणि वर्णनात तेच शोधाचे शब्द, पण माणसाने लिहिलेल्या वाक्यात. पिना ज्या फोल्डरमध्ये ठेवता त्या बोर्डाचं नावही ‘कमी उजेडातली झाडं’. आणि लिंक? झाडांना पाणी घालायच्या तक्त्याच्या पानावर. पिन पाहणाऱ्याला पाचही झाडांची नावं चित्रातच सांगून टाकलीत तर तो सेव्ह करून निघून जाईल, म्हणून दोन दाखवा, बाकीची पुढच्या पानावर.

एकाच पानासाठी चार-पाच वेगवेगळ्या पिना करा: फोटो वेगळा, मथळा वेगळा. कुठली चालेल हे आधी कुणालाच कळत नाही, मलाही नाही. हंगामी विषय असेल तर दीड-दोन महिने आधी टाका. लोक सणासमारंभाची तयारी आधीपासून शोधतात आणि पिन वर यायलाही वेळ लागतो.

मग अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे पिना कशा चालल्या त्याचे आकडे. इथे बहुतेक जण इम्प्रेशनचा (पिन किती वेळा दिसली त्याचा) आकडा बघून खूश होतात. तो बाजूला ठेवा, ‘पिन क्लिक’ आणि ‘आउटबाउंड क्लिक’ बघा. पहिला म्हणजे पिन मोठी करून पाहिली, दुसरा म्हणजे लिंक दाबून बाहेर गेला. पिन दिसतच नसेल तर शब्द चुकलेत. दिसते पण कुणी उघडत नाही, तर चित्र बदला. सेव्ह भरपूर आणि आउटबाउंड नाही, म्हणजे सगळं पिनमध्येच सांगून टाकलंय. लोक पानावर जातात पण घेत नाहीत, तर पिनला हात लावू नका, दुकान सुधारा. हे निदान दोन-तीन महिन्यांचे आकडे जमल्यावरच करा. आठवड्याच्या आकड्यांवरून विषय बदलणारे फार पाहिलेत. पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही.

फोटो कुणाचे वापरायचे? शक्यतो स्वतःचेच. गूगलवर सापडला म्हणजे फुकट, हा समज सोडा. दुसऱ्याचा फोटो उचललात, तक्रार आली की पिन जाते आणि वारंवार झालं तर अकाउंटही. एआयने बनवलेली चित्रं शटरस्टॉक योगदानकर्त्यांकडून घेत नाही, अ‍ॅडोबी स्टॉक घेतं पण तसं नमूद करावं लागतं. पिंटरेस्टही अशा पिनांवर आता लेबल लावतं. आणि जे झाड अस्तित्वातच नाही त्याचं देखणं चित्र दाखवून माणूस बोलावलात, तर तो काही विकत घेणार नाही.

फसवणुकीबद्दल जरा सविस्तर, कारण ‘इन्स्टाग्रामवरून कमवा’ शोधणाऱ्यालाच हे लोक गाठतात. मेसेज येतो: अमुक पोस्ट लाइक करा, प्रत्येक लाइकचे पैसे. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरोखर खात्यात येतात. तिथेच माणूस फसतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, तिथे बाकीचे ‘सदस्य’ आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. पुढचं ‘प्रीमियम टास्क’ घ्यायला आधी थोडी रक्कम भरा, ती दुप्पट होऊन मिळेल. स्क्रीनवर शिल्लक वाढताना दिसते, काढायला गेलं की ‘कर भरा’, ‘खातं अनलॉक करा’ म्हणून आणखी मागतात. काम देणारा कामाआधी पैसे मागत नाही. मागितले की तिथेच ब्लॉक करा, आधी भरलेले सोडवायला आणखी भरू नका आणि लगेच बँकेला व पोलिसांच्या सायबर विभागाला कळवा. फॉलोअर विकत घेणं हा याचाच सौम्य अवतार. ते फॉलोअर काही विकत घेत नाहीत, आणि ब्रँडवाल्यांना प्रोफाइल बघून ते कळतं.

राहिला बिझनेस अकाउंटचा प्रश्न. हो, आत्ताच उघडा. पिंटरेस्टवर ते फुकट आहे आणि अ‍ॅनालिटिक्स त्यातच मिळतं. नाव आणि ईमेल असं घ्या की उद्या पैसे येणाऱ्या खात्याशी आणि कराच्या कागदपत्रांशी जुळेल, टोपणनावाने काढलेल्या खात्यांची पेमेंट पडताळणीत अडकतात. जाहिरातीवर मात्र इतक्यात एक पैसाही घालू नका. न जाहिरात करता जी पिन आपोआप क्लिक आणते आणि जिच्यामुळे विक्री होते, ती सापडली की मग जाहिरातीचं विचारा, त्याचं गणित वेगळं मांडून देईन.