तिसऱ्यांदा नीट कशासाठी?

कोकणातल्या हर्णैच्या एका वडिलांचं पत्र आहे. स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, पत्नी कोळंबी सोलायला जाते. मुलगी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. कोळंबीच्या टरफलांतून निघणाऱ्या कायटोसानचे जिवाणूरोधक पातळ पडदे जखमेच्या ड्रेसिंगसाठी बनवायचे, असं तिच्या मनात आहे. वडील लिहितात, 'मासळीच्या वासातून सुटावी म्हणून शिकवली, तर ही पुन्हा टरफलांतच हात घालणार. जखमांचंच काम करायचं तर डॉक्टर हो म्हणावं. तिसऱ्यांदा नीट परीक्षा द्यायला तुम्ही तिला समजवा.'

नाही समजावणार. पत्रात मला खटकलं ते नीट नव्हे, ती लाज. ज्या कोळंबीवर तिची फी भरली गेली, तिच्यात हात घालणं कमीपणाचं, असं तुम्ही मुलीला सांगता तेव्हा तिची आईही ते ऐकत असते. पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली असताना घर कसं चालतं हे तुम्ही पाहिलंय, म्हणून पक्क्या मिळकतीचा हट्ट. तो मला कळतो. पण दोनदा नीट देऊन ती पोरगी बाजूला झाली, स्वतःचा विषय शोधला. आता परत बसवलीत तर वर्ष जाईलच, घरातलं बोलणंही बंद होईल. शिवाय डॉक्टर ड्रेसिंग लावतात. ते बनवणारे पॉलिमर, कापड आणि जिवाणूशास्त्राची माणसं असतात.

आता तिच्याशी. पत्राखाली तू विचारलंयस, प्लेटवर जिवाणू मेलेलं वर्तुळ जितकं मोठं तितकं ड्रेसिंग चांगलं ना? नाही गं. ते वर्तुळ औषध अगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, किती पसरतं त्यावरही अवलंबून असतं. कायटोसानचा रेणू मोठा, तो फारसा पसरत नाही. त्याचा धनभार जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला भिडतो, म्हणून मारतो तो मुख्यतः स्पर्शाने. वर्तुळ वाढवायला चांदीचे नॅनोकण जास्त ओतलेस तर जखम भरणाऱ्या पेशीही मरू शकतात. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा लवकर धरते. म्हणजे पडद्याने स्राव शोषायचा, वाफ जाऊ द्यायची, जखमेला चिकटायचं नाही, आणि कापडावर दिला तर तो लेपही सुटता कामा नये. जिवाणू मारणं त्यातलं एकच काम.

परीक्षांचं थोडक्यात: एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी, पुढे फेलोशिपला सीएसआयआर नेट. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत कायटोसानवर जुनं काम आहे, कोइम्बतूरच्या सिट्रा या वस्त्र संशोधन संस्थेत वैद्यकीय कापडावर. उन्हाळी प्रोजेक्टसाठी दोन्हीकडे आजच लिही. नोकरी लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, पीएच.डी.शिवाय या संशोधनात वर चढणं अवघड, आणि ती वर्षं विद्यावेतनावर काढावी लागतील. हा हिशोब वडिलांसमोर आकड्यांत मांड. त्यांचा खरा प्रश्न तोच आहे.