१४० चौरस फुटांच्या खोलीला किती टनाचा एसी लागेल?

खोली सर्वांत वरच्या मजल्यावर आहे किंवा दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट येतं, असं असेल तर दीड टन. खोली मधल्या मजल्यावर आणि सावलीत असेल तर एक टनातही भागेल.

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, खोलीतली उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचं एकक), साधारण साडेतीन किलोवॉट. छत १० फुटांपेक्षा उंच असेल, काचा मोठ्या असतील, तर गरज वाढते. दोनपेक्षा जास्त माणसं कायम बसत असतील तर दोनांपुढच्या प्रत्येक माणसामागे तासाला ६०० बीटीयू जास्त धरतात.

'मोठाच घेऊन टाकू' हा सल्ला मात्र ऐकू नका. दुकानदाराला तो सोयीचा असतो! गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करून बंद होतो, थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतो. हवेतली आर्द्रता काढायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून गार असूनही चिकट वाटतं. इन्व्हर्टर एसीत हा त्रास कमी होतो, कारण कॉम्प्रेसर वेग कमी करून चालत राहतो. लहान घेतला तर तो न थांबता चालतो आणि ऐन उन्हाळ्यात तरीही कमी पडतो.