पोलादी सळई ठासणीला चालेल का?

प्रश्न : छंद म्हणून अग्निबाण तयार करण्याचा रीतसर परवाना काढला आहे. घरी लेथ आहे, पोलादी सळईही पडून आहे. तिचीच ठासणी (नळीत स्फोटक दारू ठोकून भरायचा दांडा) बनवू का?

उत्तर : नको. सळई फुकटची आहे हे कळतं, पण दारूवर पोलाद आपटायचं नाही. ठिणगी पडायला एक खडा पुरतो. ठासणी ॲल्युमिनियमची किंवा पितळेची करा, ठोकायला लाकडी किंवा कातडी मोगरी घ्या. मात्र ॲल्युमिनियम गंजक्या लोखंडावर आपटलं तर तेही ठिणगी टाकतं, म्हणून खालची बैठक स्वच्छ हवी. साधं प्लास्टिक टाळा, त्यात स्थिर वीज साठते.

खरी मेहनत मधल्या सुळक्यावर आहे, म्हणजे नळीच्या मधोमध उभा राहून दारूत पोकळी ठेवणाऱ्या दांड्यावर. त्याला वरच्या टोकाकडे किंचित निमुळता उतार द्या, नाहीतर ठासलेली नळी निघता निघत नाही, आणि अडकलेली नळी हिसडून काढणं हे सगळ्यात वाईट काम. माझ्या पहिल्या सुळक्यावर लेथच्या हत्याराचे बारीक चरे राहिले होते. नळी निघाली, आतला गाभा, म्हणजे ठासलेली दारू, मात्र तडकला. तो बाण मी उडवला नाही. तडा गेलेला गाभा एकदम पेटतो आणि नळी फुटते. तेव्हापासून आरशासारखी चकाकी येईपर्यंत सुळका घासतो. (बायको म्हणते, तेवढी भांडी घास.)

पोकळ ठासणीचं भोक सुळक्यापेक्षा जरा सैल ठेवा. ठासणी कुठवर उतरली की थांबायचं, ती खूण बाहेरून कोरा. तिचं तोंड सुळक्याच्या खांद्यावर कधीच आदळता कामा नये.