वाचकांचे प्रश्न: पुरात निघायला छोटा हत्ती

प्रश्न: आमचे घर गोदाकाठी आहे. घरात पाच माणसे, वडिलांना इन्सुलिन लागते. मोंढ्यात माल नेण्यासाठी छोटा हत्ती (टाटा एस हा लहान मालवाहू टेम्पो) घेतलेला आहे. त्याच्या हौद्यावर खोली बसवून पुराच्या वेळी सगळ्यांनी त्यातूनच निघावे आणि दोन-तीन दिवस तिथेच राहावे, असे मनात आहे. जमेल का?
— एक वाचक, गंगाखेड तालुका

उत्तर: राहायला जमेल. सगळ्यांना बसवून न्यायला मात्र नाही. केबिनमध्ये चालकाशेजारी एकच जागा असते. मालवाहू गाडीच्या हौद्यात घरची माणसे बसवणे नियमात बसत नाही, अपघात झालाच तर विम्याचा दावा अडतो, आणि गाडी कलंडून दार दाबले गेले तर आतल्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून उरलेल्या तिघांची सोय आधी लावा: भावकीतली जीप, नाहीतर रस्ता कोरडा असतानाच एसटी. गाडी बदलायचा विचार असेल तर दुहेरी केबिनचा पाच आसनी पिकअप पाहा. त्याचा हौदा आखूड असतो, पण पाचही जणांना कायदेशीर जागा मिळते.

आता खोली. हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, वहनक्षमता पाऊण टनाच्या आसपास. नेमका आकडा आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) पाहा: एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. फॅब्रिकेशनवाल्याच्या हाती सगळे सोपवले की तो ४० मिमीचा अँगल आणि १८ मिमीचा प्लाय घालतो, कारण त्याला ‘मजबूत’ करून द्यायचे असते. असे खोके अडीचशे किलोंवर सहज जाते. हे वजन गाडीला ओढता येते, पण ते उंचावर असते. अरुंद गाडी मग वळणावर आणि वाऱ्यात डोलते. त्याऐवजी २५ मिमीचा चौकोनी पाइप, १६ गेजचा, सुमारे ३० मीटर (३६ किलो). जमिनीला १२ मिमी प्लायचा एक पूर्ण तक्ता (२३ किलो). भिंती आणि छताला ३ मिमीचे एसीपी, म्हणजे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेले प्लास्टिकचे तक्ते (५० किलोंच्या आत). दार, कड्या, स्क्रू धरून १२० किलोंत काम भागते. छत केबिनच्या टपापेक्षा वीतभरच वर ठेवा. टपावर काहीही बांधू नका.

खोली वेल्डिंगने पक्की करू नका, चॅसिसला भोकेही पाडू नका. गाडीच्या मूळ नोंदीत कायमचा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते, शिवाय तुम्हाला रोज हौदा मोकळा हवा. चार कोपऱ्यांना १२ मिमीचे हूक आणि टर्नबकल (फिरवून आवळायचे ताणस्क्रू), खाली रबराच्या पट्ट्या, एवढ्यावर ती घट्ट बसते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर टर्नबकल पुन्हा आवळा. रबर दबते आणि खोली खडखडू लागते. एरवी ती चार स्क्रू-पायांवर (स्क्रू फिरवून वर-खाली होणाऱ्या पायांवर) उभी ठेवायची, वेळेला गाडी मागे घेऊन तिच्याखाली सरकवायची. पाय हौद्याच्या रुंदीबाहेर येतील असे करून घ्या, नाहीतर फाळका अडतो.

पाणी माणशी रोज ४ लिटर धरा. पाच जणांचे तीन दिवसांचे ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. ते जमिनीवर, मागच्या आसाच्या जरा पुढे, पट्ट्याने बांधून ठेवा. मागच्या दाराशी ठेवले तर पुढची चाके हलकी पडतात.

इन्सुलिनसाठी फ्रिज नको. वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. मातीच्या मोठ्या मडक्यात छोटे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा आणि बाटली आतल्या मडक्यात ठेवा. न उघडलेल्या बाटल्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. दिवे आणि मोबाइलसाठी १२ व्होल्टची ४० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पुरे. धन टोकाला लागूनच फ्यूज हवा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र) असेल तर मात्र या बॅटरीच्या भरवशावर राहू नका: ३००-३५० वॅट ओढणारे यंत्र १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीवरही दीड तासाच्या आसपासच चालते. त्या रुग्णाला आदल्या दिवशीच तालुक्याच्या दवाखान्यात हलवा.

प्रश्न: फरशी पुलावर किती पाणी असेपर्यंत गाडी घालावी?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर: वाहत्या पाण्यात अजिबात नाही. फूटभर वाहते पाणी लहान गाडीला रेटते, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेते. गढूळ पाण्याखाली पूल आहे की खचलाय, हेही दिसत नाही. साचलेल्या पाण्यात अडकलात आणि इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या नळीतून पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. पाणी दबत नाही, मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद न पडता बाहेर आली तर ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवा, आणि इंजिन व डिफरन्शियलचे (मागच्या आसावरच्या गिअरच्या डब्याचे) तेल दुधाळ दिसते का ते पाहा.

म्हणजे खरा हिशेब निघण्याच्या वेळेचा. माजलगाव धरणाचे पाणी सिंदफणेतून मंजरथला गोदावरीत येते, वरून पैठणच्या जायकवाडीचे. गंगाखेडकरांनी दोन्ही विसर्ग पाहावेत. दोन्ही एकदम वाढले की दवंडीची वाट पाहू नये. शंका असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा. जून ते ऑक्टोबर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. काळ्या रानातल्या वाटेने जायचे ठरवत असाल तर ती वाट पहिल्या पावसाआधीच तपासा. ओल्या काळ्या मातीत मागची चाके जागेवरच फिरतात आणि जास्त ॲक्सिलरेटर दिला की आसापर्यंत रुततात. दोन फळ्या, फावडे आणि २० मीटर दोर गाडीत असू द्या.

प्रश्न: भूकंपासाठीही हीच गाडी चालेल?
— एक वाचिका, लोहारा

उत्तर: रात्री ती उभी कुठे असते यावर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी-सास्तूर भागात जाड दगड-मातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. वाड्याच्या भिंतीला लागून लावलेली गाडी त्याच ढिगाखाली जाईल. भिंतीच्या उंचीहून जास्त अंतर सोडून, तोंड रस्त्याकडे करून लावा. एक चावी घराबाहेर असू द्या.

प्रश्न: पाऊस थांबत नसेल तर आतच शेगडी लावली तर?
— एक वाचक, नांदेड

उत्तर: नाही. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. मागे ताडपत्रीचा पडवीसारखा पदर काढा आणि त्याखाली, दारापासून दूर, स्वयंपाक करा. सिलिंडर पाच किलोंचा घ्या. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत बाहेर उघडणारी भोके हवीत. वर खिडकी असून उपयोग नाही. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचे पाणी लावून पाहा. बुडबुडे दिसले तर वॉशर बदला, नुसते आवळून चालवू नका.