वाचकांचे प्रश्न : गाडी घुमते आणि आदळते, दोष टायरचा की शॉकअबचा?

प्रश्न : गाडी सहा वर्षांची आहे, जेमतेम ३८,००० किमी चालली आहे. मूळचेच टायर आहेत आणि नक्षी बरीच शिल्लक आहे. तरी हल्ली बारीक खड्डेही अंगावर येतात आणि साठच्या पुढे 'घुंऽऽ' असा आवाज सुरू होतो. मेकॅनिक शॉकअब बदला म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी टायर तपासा, शॉकअबचं नंतर पाहू. नक्षीच्या खोलीवरून टायर किती झिजला ते कळतं, किती म्हातारा झाला ते कळत नाही. गाडी नुसती उभी असली तरी रबर जुनं होत असतं. ऑक्सिजन आणि उष्णतेमुळे त्याची वीण आणखी घट्ट होते, शिवाय त्याला मऊ ठेवणारी तेलं हळूहळू निघून जातात. मग रस्त्यावरची खडी आणि सांधे, जे पूर्वी रबर पोटात घ्यायचं, ते थेट स्टिअरिंगपर्यंत पोचतात.

टायरचं वय साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिहिलेलं असतं. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला पाहा. पूर्ण ओळ बरेचदा एकाच बाजूवर असते. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावेत, आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नयेत. साइडवॉलवर किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी भेगा दिसल्या, तर दहा वर्षांची वाट पाहू नका.

आता आवाजाकडे येऊ. गाडी उभी करून टायरवर तळवा फिरवा, आधी घेराच्या दिशेने पुढे आणि मग मागे. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने नक्षीचे ठोकळे करवतीच्या दातांसारखे टोचले, तर तुमच्या 'घुंऽऽ'चं मूळ बहुधा तिथेच आहे. ठोकळ्याची एक कड जास्त झिजलेली असते आणि प्रत्येक फेरीत तो रस्त्यावर सपाट न टेकता आपटतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही झीज मागच्या टायरवर जास्त आढळते, म्हणून आवाज डिकीतून आल्यासारखा वाटतो. तळवा आडवा फिरवल्यावर दात लागले, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडली आहे. घेरावर थोड्या थोड्या अंतराने खळगे लागले, तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं विचारात घ्या. दुबळा शॉकअब चाकाला रस्त्यावर नाचू देतो आणि असे खळगे पाडतो. तिथे नुसते टायर बदलले तर नवेही तसेच खराब होतील.

व्हील बेअरिंगचा आवाजही असाच घुमतो. फरक ओळखायला मोकळ्या रस्त्यावर एकच वेग धरा. रस्ता खडबडीतचा गुळगुळीत झाला की सूर बदलला, तर संशय टायरवर. रस्ता कसाही असला तरी सूर तोच, आणि हलकं वळण घेताना तो वाढतो किंवा दबतो, तर बेअरिंग दाखवा. तरीही खात्री नसेल तर पुढचे-मागचे टायर आपसात बदलून पाहा. आवाजाची जागाही बदलली, तर टायरच. दर ८,००० ते १०,००० किमीला अशी अदलाबदल केली असती तर करवत बहुधा इतकी वाढली नसती. आता केलीत तर आवाज लगेच जाणार नाही, झीज सारखी होईल तसा उतरेल. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर टायर त्याच बाजूला ठेवून फक्त पुढे-मागे करायचा.

प्रश्न : दणके कमी व्हावेत म्हणून हवा कमी ठेवली तर चालेल का?

उत्तर : नाही. कमी हवेत साइडवॉल जास्त वाकते, टायर तापतो, कडा झिजतात, आणि ज्या उष्णतेने रबर कडक होतं तीच वाढते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेलाच आकडा ठेवा आणि तो गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजा. लांबच्या प्रवासात दाब चार-पाच पीएसआय वाढलेला दिसेल. तो तापल्यामुळे वाढलेला असतो, ती हवा सोडू नका. उलट, स्टिकरपेक्षा हवा जास्त भरली गेली असेल तर तेवढी काढल्यावर गाडी लगेच नरम वाटेल.

प्रश्न : सध्या दोनच टायर घेणं परवडतं. ते पुढे लावू का?

उत्तर : मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरणं अवघड जातं. दुकानात पैसे देण्याआधी नव्या टायरवरचे ते चार आकडेही वाचा.