रोज पोट साफ झालं नाही तर आतड्यात घाण साठते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्हाला एक दिवसाआड शौचाला होते, त्रास काहीच नाही. पण घरचे म्हणतात की रोज पोट साफ झालं नाही तर आतड्याला जुनी घाण चिकटून बसते आणि तिचं विष रक्तात उतरतं. म्हणून दर रविवारी जुलाबाचं औषध घ्यायला लावतात. शिवाय जेवताना पाणी प्यायचं नाही आणि तिखट खाल्लं की अल्सर होतो, असंही सांगतात. यात खरं किती?

एक दिवसाआड होत असेल, मऊ होत असेल आणि कुंथावं लागत नसेल, तर तुम्हाला बद्धकोष्ठ नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाचं असू शकतं. खाल्लेलं बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ मोठ्या आतड्यात जातो. आज खाल्लेलं उद्या सकाळी निघालंच पाहिजे असा शरीराचा काही नियम नाही.

मी एन्डोस्कोपी विभागात, म्हणजे दुर्बिणीने पोट आणि आतडी आतून तपासतात तिथे, परिचारिका आहे. मोठं आतडं आतून कसं दिसतं ते कामाच्या दिवसांत सतत पडद्यावर बघत असते. वर्षानुवर्षं बद्धकोष्ठाने हैराण झालेल्या माणसाचंही आतडं आतून फिकट गुलाबी, ओलं, चकाकणारं असतं आणि त्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसतं. तुम्ही म्हणाल, तपासणीआधी औषध पाजून धुऊन काढलेलं असतं, मग घाण दिसणार कशी? पण कित्येकांची ही तयारी नीट झालेली नसते. तेव्हा जे दिसतं ते पिवळसर पातळ पाणी, मळाचे गोळे, एखादी न पचलेली बी. दुर्बिणीतून पाण्याची धार सोडली की ते बहुतेक वाहून जातं आणि खाली तोच गुलाबी पृष्ठभाग निघतो. चिकटून बसायला तिथे जागाच नसते: आतड्याच्या अस्तरावर सतत बुळबुळीत स्राव असतो आणि वरच्या पेशी दर काही दिवसांनी झडून नव्या येतात. रक्तातले टाकाऊ पदार्थ काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करत असतात.

आतडं ‘स्वच्छ’ करणाऱ्या पावडरींच्या जाहिरातीत रबरासारखे लांब काळपट तुकडे दाखवतात, ते बघून माणसं घाबरतात. ते तुकडे बहुधा त्याच पावडरीतल्या फुगणाऱ्या तंतूंचे आणि मातीचे बनलेले असतात. पावडर घेतली नाही तर तेही पडणार नाहीत.

रविवारच्या औषधाचं मला जास्त वाईट वाटतं. जोरदार जुलाब झाले की मोठं आतडं रिकामं होतं आणि पुन्हा भरायला एकदोन दिवस जातात. सोमवारी, मंगळवारी होत नाही ते साहजिकच असतं, पण माणसाला वाटतं पोट पुन्हा तुंबलं, आणि तो पुन्हा औषध घेतो. म्हाताऱ्या माणसांत या जुलाबांनी अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येते, अशक्तपणा येतो. डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल तर ते बंद करा. घरात कुणाला खरोखर कडक होत असेल, तर खाण्यातला चोथा हळूहळू वाढवावा, सोबत पाणी वाढवावं आणि लागली की टाळू नये. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं. काहींची आतडीच मंद चालतात, त्यांना नुसत्या चोथ्याने त्रास वाढतो. अशांनी तपासून घ्यावं.

जेवताना पाणी प्या, तहान असेल तेवढं. अन्न पोहोचलं की जठर लागेल तसं आम्ल सोडत राहतं, पेलाभर पाण्याने पचन बिघडत नाही.

अल्सरबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण हा गैरसमज एके काळी डॉक्टरांचाही होता. तिखट आणि मानसिक ताण ही कारणं पक्की मानली जात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन या डॉक्टरांना १९७९ मध्ये रुग्णांच्या जठरातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसले. इतक्या आम्लात जिवाणू जगणार नाहीत, असं तेव्हा सगळे धरून चालत. बॅरी मार्शल या दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यासोबत ते प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न केला, पण काही उगवेना. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जिवाणू वाढवायच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेले सापडले. तरी लोक मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जिवाणू स्वतः प्यायले. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जिवाणू; आज तपासणीत सापडला तर साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा जातो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. तिखट सोडून वर्षं झालेली आणि गुडघ्यांसाठी रोज अशी गोळी घेणारी माणसं आमच्याकडे रक्ताची उलटी घेऊन येतात, तेव्हा फार हळहळ वाटते. तिखटाने जळजळ होत असेल तर कमी खा, पण ते सोडलं म्हणजे अल्सर टळला असं समजू नका.

घरच्यांची काळजी खरी आहे, ती योग्य गोष्टींकडे वळवा. शौचातून रक्त जाणं, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, आणि नेहमीची सवय अचानक बदलून आठवडे तशीच राहणं: यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. रक्त पडलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिने काढणारे फार असतात. आणि छातीत दाटून घाम सुटत असेल तर ‘गॅस आहे’ म्हणत घरी बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

वय तुम्ही लिहिलेलं नाही. अनेक देशांत त्रास नसला तरी ४५ किंवा ५० वर्षांपासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी सुचवतात, आणि घरात कुणाला तो झाला असेल तर त्याहीआधी. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, पॉलिप, म्हणजे अस्तरावरची वाढ, सापडली तर बहुतेक वेळा ती त्याच बैठकीत काढता येते. तुमचं वय त्या आसपास असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा.