ईव्हनटाइडमधली टाइड कुठल्या समुद्राची?

प्रश्न असा आलाय की 'अबाइड विथ मी' या ख्रिस्ती प्रार्थनागीताच्या पहिल्याच ओळीत ("फास्ट फॉल्स द ईव्हनटाइड") ईव्हनटाइड येतं, त्याच्या चालीचं नावही ईव्हनटाइडच, मग याचा अर्थ संध्याकाळची भरती का, मराठीत काय म्हणायचं, आणि चाल लावणारा मंक पाद्रीच होता ना?

भरती नाही हो! हे मी किती वर्षं ऐकतोय. एका कार्यक्रमात निवेदकानं चक्क "सांजेची लाट वेगाने कोसळत आहे" असं भाषांतर वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अबाइडबद्दल थोडक्यात सांगतो, नियम पाळण्यातलं 'अबाइड बाय' इथे नाही, इथे नुसतं राहणं, मुक्काम करणं. अबोड म्हणजे घर, तेही यातूनच आलंय. बायबलात लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोघं शिष्य वाटेत भेटलेल्या येशूला, तो येशू आहे हे न कळता, म्हणतात की संध्याकाळ होत आलीय, आमच्याकडेच राहा, तीच ही विनवणी. ईव्हन म्हणजे संध्याकाळ, ख्रिसमस ईव्हमधलं ईव्ह तेच. झालं.

आता टाइड. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे फक्त वेळ. यूलटाइड म्हणजे नाताळचे दिवस, नूनटाइड म्हणजे दुपार, यात पाण्याचा थेंब नाही. भरती-ओहोटीला तेव्हा त्यांच्याकडे फ्लड आणि एब असे वेगळे शब्द होते, समुद्राचा अर्थ टाइडला चिकटला तो चौदाव्या शतकाच्या आसपास, कारण भरती ठरल्या वेळी येते. जर्मनमध्ये अजून बघा, त्साइट म्हणजे वेळ आणि गेत्साइटन म्हणजे भरती-ओहोटी. "टाइम अँड टाइड" या म्हणीतही टाइड मुळात वेळच, दोन सख्ख्या बहिणी शेजारी उभ्या केल्यात, आणि आपण शाळेत "काळ आणि भरती कुणासाठी थांबत नाहीत" असं घोकलं!

इथे एक तिथीवाले विद्वान दर वेळी येतात. म्हणे टाइड तिथीवरून आला, दोन्ही चंद्राशी जोडलेले. अहो, संस्कृतातल्या त समोर इंग्रजीत थ येतो, त्रि-थ्री, तनु-थिन, आणि इंग्रजी ट समोर संस्कृतात द लागतो, दश-टेन, द्वि-टू. म्हणजे टाइडचा ट तिथीच्या तशी जुळतच नाही. याला ग्रिमचा नियम म्हणतात, भाषाशास्त्राची पहिल्या वर्षाची पोरं शिकतात. नातं काढायचंच असेल तर 'दा' धातूशी काढा, देणं नव्हे, कापणं, वाटे करणं. टाइम आणि टाइड दोन्ही त्याच मुळाचे, म्हणजे वेळ हा कापून काढलेला तुकडा.

पण मला खरी गंमत वाटते ती आपल्या वेळेची. संस्कृत 'वेला' बघा, अमरकोशात तिचे अर्थ काळ, मर्यादा आणि समुद्राच्या पाण्याचा चढउतार! कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाच्या पृथ्वीला 'वेला'ची तटबंदी आहे, तिथे वेला म्हणजे किनारा. म्हणजे जो खेळ टाइडनं केला तोच वेलेनं केला, मूळ वेगळं आणि उडी तीच. गुहागरजवळच्या वेळणेश्वराला लोक सांगतात की वेळ न लावता पावतो म्हणून वेळणेश्वर. भाविकांनी खुशाल म्हणावं, पण देऊळ समुद्राला लागून, पायऱ्या उतरलात की वाळू, मग तो वेळेवरचा म्हणजे किनाऱ्यावरचा ईश्वर का नसावा? कासवांचं वेळासही मी याच माळेत ओवतो. स्थळनामवाले माझ्यावर डाफरतात, डाफरू देत.

तर ईव्हनटाइडला मराठीत सांजवेळ. सांज म्हणजे ईव्हन, वेळ म्हणजे टाइड, आणि समुद्रही आत लपलेला. कातरवेळ नको, त्यात हुरहूर आधीच भरलेली असते आणि इथे ती गीतानं आणायचीय.

हां, पाद्री राहिलेच. शब्द लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट हा पाद्री, इंग्लंडच्या डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या बंदरातला. भरती दारातच होती म्हणून लोकांचा घोटाळा होतो हे कबूल. क्षयानं खंगलेला, 1847 च्या सप्टेंबरात शेवटचं प्रवचन केलं, गीत त्याच सुमाराचं असं घरचे सांगत (ते फार आधीचं म्हणणारेही आहेत), आणि नोव्हेंबरात नीस शहरात वारला. गांधीजींचं हे आवडतं, म्हणून प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात वर्षानुवर्षं वाजायचं, 2022 मध्ये काढलं.

आणि मंक? नावच मंक म्हटल्यावर माणूस झगा घातलेला साधू डोळ्यासमोर आणणारच. विल्यम हेन्री मंक पाद्री नव्हता, ऑर्गन वाजवणारा होता, 1861 च्या 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या गीतसंग्रहाचं संगीत-संपादन त्याच्याकडे होतं आणि ही चाल त्यातच आली. संग्रहाच्या समितीचा अध्यक्ष मात्र खरा पाद्री, आडनाव बेकर, आणि त्याचं गाव कुठलं म्हणाल तर मंकलंड. लाइटनं स्वतःही एक चाल लावली होती, ती आता कोण गातं!